पांढरीची माती, चोपणाचं छप्पर

२०११च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय जनगणनेत प्रत्येक घराच्या भिंतीची नोंद झाली. माती, कच्ची वीट, बांबू, गवत असेल तर भिंत ‘कच्ची’. भाजलेली वीट, काँक्रीट, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेला दगड असेल तर ‘पक्की’. शेवगाव तालुक्यातलं माझं आजोळचं घर त्या हिशोबानं कच्चं. काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं, त्यावर दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर माळवद. पणजोबांनी बांधलेलं घर ते, चार पिढ्या त्यात नांदल्या. त्याच आळीत पातळ विटांच्या भिंतींचं, वर पत्रा टाकलेलं एक घर होतं, ते पक्कं. एप्रिलच्या दुपारी त्या पक्क्या घरातली बाया-माणसं उकाड्यानं हैराण होऊन आमच्या ओसरीवर येऊन पडायची.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं काम आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तरी घरात बोलताना तोंडात नगरच येतं. या कामात गावोगावचे वाडे, गढ्या, माळवदं आणि कुडाची घरं आतून-बाहेरून बघायला मिळाली, आणि माझं एक मत पक्कं होत गेलं. माती दुबळी होती म्हणून मातीची घरं गेली नाहीत. त्यांची दरवर्षी निगा राखणारे हात गेले. त्यांच्यात काही खरे दोष होते, ते दुरुस्त करता येण्यासारखे होते. पण ते दुरुस्त करण्याआधीच आपण या घरांना कच्च्यात काढून मोकळे झालो.

आपल्या जिल्ह्यात मातीच्या घराचा इतिहास किती मागे जातो हे इथल्याच लोकांना फारसं माहीत नसतं. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथं १९५०-५१मध्ये उत्खनन झालं आणि दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगातल्या एका मोठ्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळालं. तिचा काळ इसवीसनापूर्वी साधारण १४०० ते ७००. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद आणि ज्ञानेश्वरीचं नेवासं ही तिचीच गावं. दायमाबाद म्हटलं की १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा आठवतात, आणि ते आठवावेत इतके ते सुंदर आहेत. मला मात्र त्या टेकाडातल्या भिंती जास्त जवळच्या वाटतात. लाकडी खांब रोवायचे, मधे कुड उभा करायचा, त्याला दोन्ही अंगांनी माती लिंपायची, जमीन चोपून घट्ट करायची. दगावलेली तान्ही लेकरं मडक्यात घालून घराच्या जमिनीखालीच पुरायची त्या लोकांची रीत होती. घोड नदीकाठच्या इनामगावला, म्हणजे पुणे जिल्ह्यात पण आपल्या शिवेजवळ, चुना करणाऱ्याचं घरही ओळखता आलं आहे. माती, कुड आणि चुना हे तिन्ही पदार्थ इथं तीन हजार वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत. अकोले तालुक्यात कुडाचं घर आजही बांधलं जातं आणि त्याची रीत फारशी बदललेली नाही.

आमच्याकडे गाव वसतं ती पांढर आणि पिकतं ती काळी. घर बांधायला काळी माती चालत नाही हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात त्याच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगते. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. तिची भिंत वर्षभरात तडकते. पांढरी तशी नसते. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्याच मातीत पुन्हा उभी राहिली, चुलीची राख, शेण, चुनखडी तिच्यात मिसळत गेली. अशी माती कमी फुगते, वाळल्यावर घट्ट धरते. तिच्यात गव्हाचं काड किंवा भुसा घालून, पाणी सोडून ती काही दिवस मुरवायची, पायानं तुडवायची आणि मग तिचे भेंडे रचून भिंत उभी करायची.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुन्या गावठाणाची पांढर उकरून घरासाठी आणि शेतात टाकण्यासाठी नेण्याची पद्धत होती, त्यात इतिहासाची फार हानी झाली. दायमाबादसारखं टेकाड अशा मातीचंच असतं. आज मातीचं घर बांधू इच्छिणाऱ्यानं पांढरीला हात लावू नये. तिच्यासारखी माती तयार करता येते. मुरमाचा बारीक चाळ, थोडी चिकणमाती आणि शेकडा पाच-सात भाग विरवलेला चुना यांचं मिश्रण करून मी भिंती बांधून घेतल्या आहेत. चुना फुगणाऱ्या मातीला आवर घालतो, म्हणून काळ्या मातीचा थोडा वाटाही त्यात चालतो.

आता माळवदाकडे येते, कारण आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांची खरी ओळख ते आहे. शेवगाव, पाथर्डी, जामखेड हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही सलग नाही. इथं उतरत्या कौलारू छपराची गरज नव्हती, आणि गच्चीची मात्र होती. धान्य, मिरच्या, कुरडया वाळवायला, उन्हाळ्यात झोपायला. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचा, म्हणजे चिरलेल्या लाकडाच्या पट्ट्या. त्यावर कडुनिंबाचा पाला किंवा तुरीच्या काड्या, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर खारी माती, पन्हाळीकडे हलका उतार देऊन. उजेडासाठी मधे साणं. घर किती मोठं हे खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत मोजायचं, चौरस फुटांत नाही.

ती खारी माती म्हणजे चोपण. शेतकऱ्याला ती शत्रूसारखी. प्रवरेच्या कालव्यांखालच्या राहुरी, श्रीरामपूर, राहाता पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन कितीतरी जमीन क्षारपड आणि चोपण झाली. तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून मुळं कुजतात. पाणी का मुरत नाही? त्या मातीत सोडियम जास्त असतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात, पहिल्या सरीतच ते बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा थर बंद होतो. शेतात जो दोष, तोच छपरावर गुण. आमच्या आजोबांना सोडियम माहीत नव्हता. पण कोणत्या ओढ्याकाठची माती जिभेला खारट लागते आणि म्हणून माळवदावर टाकायची, हे त्यांना ठाऊक होतं. मला या ज्ञानाचं मनापासून आश्चर्य वाटतं. कृषी विद्यापीठं चोपण सुधारण्यावर संशोधन करतात, ते हवंच. घर बांधणाऱ्यांनी तिच्याकडे बांधकामाचं सामान म्हणूनही बघावं.

पण माळवदाला दरवर्षी माणूस लागतो. मृगाआधी वर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, नवी खारी माती पसरायची, चोपायची, पन्हाळ मोकळी करायची. हे केलं नाही की माळवद गळतं. आणि केलं तरी त्यात एक घात दडलेला असतो: माती चढत जाते, उतरवत कोणी नाही. एक फूट जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास होतं. दहा बाय दहाच्या खोलीवर ते साडेचार टन. पिढ्यान्‌पिढ्या थर चढून दोन फूट झाले की नऊ टन. खालचे सर वाळवीनं पोखरलेले असले तरी मातीखाली ते दिसत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि काही हजार माणसं स्वतःच्या घरांखाली गाडली गेली. ती घरं आमच्या घरांसारखीच होती. नगरच्या पूर्वेकडच्या गावांतही त्यानंतर कित्येक दिवस लोक अंगणात झोपले. ‘मातीचं घर माणूस खातं’ हे तेव्हा पसरलं आणि ते खोटं म्हणण्याचा अधिकार मला नाही, इतकी माणसं तिथं गेली. पण घरं का पडली, हे नीट बघणाऱ्यांनी बघितलं आहे. भिंती दगडाच्या दोन पदरांच्या होत्या आणि मधे दगडगोटे-माती भरलेली होती. दोन्ही पदरांना एकत्र धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला तसे दोन्ही पदर वेगळे झाले. कोपरे एकमेकांत गुंतवलेले नव्हते, म्हणून भिंती सुट्या पडल्या. आणि वर ती टनावारी माती.

यातला एकही दोष मातीच्या पदार्थाचा नाही, सगळे बांधणीचे आहेत. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोची दोन मानकं निघाली, मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि दगड-विटांच्या दुबळ्या बांधकामासाठी आयएस १३८२८. त्यांतले नियम कोणत्याही गवंड्याला समजतील असे आहेत. दगडी भिंतीत उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर एक आरपार दगड घाला. मातीच्या भिंतीची आडव्या भिंतीच्या आधाराशिवायची लांबी जाडीच्या दहापटीपेक्षा जास्त नको. दार-खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नको. चौकटीच्या वर आणि छपराखाली सगळ्या भिंतींना फिरून बांधणारा लाकडाचा किंवा बांबूचा पट्टा द्या. जुन्या माळवदाची दुरुस्ती हाती घेतली की माझं पहिलं काम वरची माती उतरवणं हेच असतं. सहा-आठ इंचांपेक्षा जास्त माती मी पुन्हा चढू देत नाही. त्याखाली चुन्याचा थर घेते, म्हणजे कमी मातीतही पाणी आत येत नाही. मग खांब-तुळयांचे सांधे तपासायचे. खणाच्या घरात छपराचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. तो सांगाडा शाबूत असेल तर भिंत ढासळली तरी छप्पर उभं राहण्याची आशा असते.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्यात, सगळं वेगळं. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाऊस असा कोसळतो की माळवद एका आषाढात विरघळून जाईल. तिथं महादेव कोळी आणि ठाकर लोकांची घरं उतरत्या छपरांची, खाली झुकलेल्या वळचणीची. भिंती कारवीच्या कुडाच्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरभर जांभळी फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या शेजारी-शेजारी उभ्या करून बांधतात आणि शेण-मातीनं लिंपतात. ही भिंत हलकी असते. भूकंपात ती कोणाचा जीव घेणार नाही. पावसाळ्यात बाहेरून सपकारा लागून माती धुपते, म्हणून पेंढ्याच्या किंवा पळसाच्या पानांच्या झडी बांधतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं राखलं म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. बियाणं राख लावून, मडक्यात घालून, शेण-मातीनं तोंड लिंपून ठेवायची जी जुनी पद्धत आहे, ती अशाच घरांत वाढली आहे.

पण कारवी आणायची कुठून? हा सगळा भाग १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि तिथल्या तोडीवर बंधनं आहेत. जंगल राहिलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र फुलून वाळलेली कारवी, जी तशीही मरणारच आहे, ती घरापुरती नेण्याची सोपी आणि कायदेशीर वाट असायला हवी. बांबूचं तसं नाही. तो बांधावर लावता येतो, तीन-चार वर्षांत तोडीला येतो, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवला की कीड-वाळवीपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. पुण्याच्या युगा आखरे आणि सागर शिरुडे या तरुण वास्तुविशारदांनी लोणावळ्याकडच्या धो-धो पावसात बांबू आणि मातीचं दुमजली घर उभं केलं आहे. अकोल्यातल्या पोरांनी ते जाऊन बघावं, आणि तिकडच्यांनी अकोल्यातल्या म्हाताऱ्यांकडून कुड विणायला शिकावं.

नगर शहराबद्दल लिहायचं तर चुन्याबद्दल लिहावं लागतं. १४९०मध्ये अहमद निजामशहानं हे शहर वसवलं. भुईकोट किल्ला आधी मातीचा होता. हुसेन निजामशहाच्या काळात, १५५९पासून पुढे, तो दगडात बांधला गेला. १५८३मधला फराहबाग, शहा डोंगरावरची सलाबतखानाची अष्टकोनी कबर, जिला सगळं नगर चांदबिबीचा महाल म्हणतं, हे सगळं दगड आणि चुन्याचं काम. शहराला पाणी येत होतं तेही कापूरवाडी आणि आसपासच्या उगमांवरून, चुन्याच्या बांधकामात बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून. आपण त्यांना खापरी नळ म्हणतो. अलीकडचं बघायचं तर १९२६मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण. पुढे ते मजबूत करावं लागलं, पण बांधलं तेव्हा ते दगड आणि चुन्यातच बांधलं.

चुना करायची रीत मी एका म्हाताऱ्या गवंड्यांकडून शिकले. कॉलेजात ती आम्हाला अर्ध्या पानात शिकवली होती. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा. तो पाण्यात विरवायचा. पाणी उकळतं, वाफा येतात, जपून काम करावं लागतं. विरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवायचा, जितका जुना तितका चांगला. मग वाळूबरोबर घाणीत दळायचा. गोल चरात फिरणारं दगडी चाक, त्याला जुंपलेला बैल. दळण्यानं वाळूचा कण न्‌ कण चुन्यात लपेटला जातो. गिलाव्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, तागाचे तुकडे घालतात. गुळानं तो लवकर धरतो, तागानं तडकत नाही. आपल्या नदीकाठी सापडणाऱ्या चुनखडीत थोडी चिकणमाती असते, त्यामुळे तिचा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. चुनखडी भाजायला नऊशे अंश पुरतात, सिमेंटच्या भट्टीला साडेचौदाशे लागतात. शिवाय भिंतीत गेल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेत दगड बनत जातो. जगात माणसाच्या कामांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे, हे लक्षात घेतलं तर हा फरक लहान नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्तीच्या कामांत सगळ्यात जास्त कामं एकाच चुकीतून आलेली असतात. वाड्याच्या भिंतीला लोणा लागला, पोपडे निघाले, म्हणून मालकानं खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा मारून घेतला. जमिनीतली ओल भिंतीत चढतच असते. माती आणि चुन्याची भिंत ती दोन्ही अंगांनी हवेत सोडते. सिमेंट मारणं म्हणजे ओल्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणं. ओल वर सरकते, दोन वर्षांत लोणा चार फुटांवरून सात फुटांवर जातो, आतली माती भुसभुशीत होते, खांबाचा बुडखा कुजतो. मग ‘जुनी भिंत, पडणारच’ असं म्हणून वाडा पाडतात. पाडताना निघणारं सागवान विकत घ्यायला गाड्या तयारच असतात. असे किती खांब, किती कोरीव घोडे शहरांतल्या हॉटेलांच्या दारात जाऊन उभे राहिले! ते बघून मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

आता हातांबद्दल. मातीच्या घराची वाखाणणी करणारे लेख मी पुष्कळ वाचले. त्यांत शेणानं सारवलेल्या थंडगार जमिनीचं वर्णन असतं. ती सारवायची कोणी, हे बहुतेकांत नसतं. माझी आजी दर आठवड्याला घर सारवायची. शेण गोळा करणं, माती चाळणं, पोतेरं घेऊन उकिडवं बसून ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. दिवाळीआधी भिंती. थकल्यावर हे काम मामींकडे आलं. मामानं घरात शहाबादी फरशी टाकली तेव्हा आजीनं हात जोडले. त्या फरशीबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. नवीन मातीच्या घराचा आराखडा घेऊन माझ्याकडे कोणी आलं की मी आधी घरातल्या बाईशी बोलते. जमीन चुना-मुरमाची, वरून जवसाचं तेल पाजून घोटलेली करता येते. ती ओल्या फडक्यानं पुसली की झालं. नाहीतर मातीच्या बिछान्यावर फरशी. बाहेरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, म्हणजे दरवर्षी लिंपणं नको, चार-पाच वर्षांनी चुन्याचे दोन हात. वळचण अडीच फूट बाहेर, जोतं दोन फूट वर. एवढं केलं तर घराची निगा एका बाईच्या कमरेवर पडत नाही.

आणि गरिबीबद्दल. आमच्या पाथर्डी-शेवगावची माणसं ऊसतोडीला जातात आणि सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात. कोपीही नैसर्गिक सामानाचीच. तिच्यात राहणाऱ्या बाईला कोणी निसर्गस्नेही घराचं महत्त्व सांगू नये. मातीचं घर पुन्हा यायचं असेल तर ते आधी ज्यांना निवड करता येते त्यांच्या घरात यावं: पंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या खोलीत, मंगल कार्यालयात, डॉक्टरांच्या आणि बागायतदारांच्या बंगल्यात. गावातल्या शिकल्या-सवरलेल्या माणसानं तसं बांधलं की ते कमीपणाचं राहत नाही.

सरकारी योजनेत वाट नाही असं नाही. २०१६मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा असा निकष ठरला. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं ‘पहल’ नावानं स्थानिक सामानाच्या घरांच्या आराखड्यांचा संग्रहही काढला आहे. चुना किंवा थोडं सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटांना आयएस १७२५ हे मानक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७०च्या दशकापासून आणि पुढे ऑरोविलमध्ये या विटांवर भरपूर काम झालं आहे; तिथली तीन मजली घरं मी बघितली आहेत. आपल्याकडे अडतं ते हप्त्यांवर. जोतं, लिंटल, छप्पर असे टप्पे, प्रत्येकाचा फोटो, मग पैसे. मातीच्या भिंतीला वाळायला वेळ हवा असतो, आणि मातीकाम जाणणारा गवंडी तालुक्यात शोधून सापडत नाही. मग लाभार्थी काय करणार? सोपं ते करतो. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये गवंडीकामाच्या पोरांना चुना आणि मातीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम द्या, ही मागणी मी जिथं बोलायला मिळेल तिथं करते. चुन्याची घाणी चालवलेली माणसं आज ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडून शिकायला फार वर्षं उरलेली नाहीत.

हे वाचून कोणाला घरामागे एखादी खोली, निदान गोठा मातीत बांधून बघावासा वाटला तर सुरुवात अशी करा. वरची हातभर सुपीक माती बाजूला सारून खालची माती घ्या. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून दिवसभर ठेवा. तळाशी वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर बसतील. चिकणमाती पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर ती माती भिंतीला चालते. जास्त असेल तर मुरूम किंवा वाळू मिसळा, फारच कमी असेल तर भिंत भुगा होईल, दुसरी जागा बघा. त्या मातीच्या चार-सहा विटा पाडून सावलीत वाळवा. तडे गेले तर काड वाढवा. पूर्ण वाळलेली वीट कमरेच्या उंचीवरून मऊ जमिनीवर टाकून बघा, दोन तुकडे झाले तर हरकत नाही, चुरा झाला तर मिश्रण बदला. विटा पौष-माघात पाडा, भिंत फाल्गुन-चैत्रात चढवा, छप्पर आणि बाहेरचा गिलावा मृगाआधी संपवा. जो ठेकेदार ‘पावसाळ्यात सुरू करू, मजूर मोकळे असतात’ म्हणेल, त्याला ते काम देऊ नका.